बोगदा भक्कम, पण पलीकडे कोण बसलंय?

शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरला आलो. सकाळी मावसभावाकडे गेलो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. दादानं फोन पुढे केला. "फुकटचं व्हीपीएन टाकलंय बे! मिलिटरी ग्रेड. आता बँकेचं सगळं सेफ."

झालं, डोकं फिरलं माझं.

मंडळी, हे 'मिलिटरी ग्रेड' म्हणजे बहुतेक वेळा एईएस. अमेरिकेच्या निस्टनं २००१ मध्ये प्रमाण ठरवलेलं. ब्राउझरमधून बँकेची साइट उघडता तेव्हा एचटीटीपीएस बहुधा तेच वापरतं. तेही फुकट, आणि जाहिरात न करता!

व्हीपीएन खोटं आहे असं नाही हं. फोन आणि सर्व्हर मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात, आणि गंमत म्हणजे ती किल्ली स्वतः कधी नेटवर्कवरून जातच नाही. मग प्रत्येक पॅकेट कुलूपबंद करून दुसऱ्या पॅकेटात घालायचं, वर पत्ता फक्त व्हीपीएन सर्व्हरचा. फुकट वायफायवर कोणी कान लावून बसला तरी त्याला नुसता कचरा दिसतो. इंटरनेट कंपनीला कळतं ते एवढंच, की कुठल्या सर्व्हरकडे, कधी आणि किती डेटा गेला.

पण सर्व्हरवर ते कुलूप उघडतं ना! आतलं एचटीटीपीएस शाबूत राहतं, तरी तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे व्हीपीएनवाल्याला दिसू शकतं. म्हणजे इंटरनेट कंपनीवरचा विश्वास उचलून एका अनोळखी माणसावर टाकला, एवढंच. आणि तो फुकट सेवा देतोय, तर सर्व्हरचं भाडं कोण भरतं?

सरकारलाही ही जागा बरोबर माहीत आहे. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सर्ट-इननं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर, आयपी पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. ऑफिसची व्हीपीएन वगळली. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएननं भारतातले सर्व्हरच काढून घेतले. मला तो आदेश चुकीचाच वाटतो. अशी यादी उद्या चोराच्या हाती पडली तर? पण यादी तिथंच मागितली, कारण कुलूप तिथंच उघडतं.

आणि खोट्या साइटवर दादानं स्वतःच ओटीपी टाकला, तर तो या बोगद्यातून अगदी सुरक्षितपणे चोराकडे पोचेल.

असो. दादाला विचारलं, "हे ॲप कुठल्या कंपनीचं?" त्यानं बराच वेळ खाली-वर केलं. एक जीमेलचा पत्ता सापडला.