इब्न अल-हैसमचा अभिमान आणि उतरवलेलं जर्नल

इब्न अल-हैसमच्या नावाचा मेसेज आपल्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरतो. ‘प्रकाशशास्त्राचा जनक आपला होता!’ खाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागते. तो पुढे पाठवणाऱ्यांत अकरावी-बारावी सायन्सची मुलंही असतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या फिजिक्सच्या जर्नलमधली रीडिंग्ज मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवलेली असतात.

हा अभिमान फुकटचा आहे.

बसऱ्यात जन्मलेल्या या माणसानं सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसतं, असं युक्लिड आणि टॉलेमी सांगून गेले होते. नावं मोठी आहेत म्हणून त्यानं ते मान्य केलं नाही. अंधाऱ्या खोलीत भोकातून येणारा प्रकाश तपासला. पुढे सुमारे ३०० वर्षांनी इराणच्या कमालुद्दीन अल-फारिसीनं त्याच ग्रंथावर भाष्य लिहिलं. इंद्रधनुष्याबद्दलचं इब्न अल-हैसमचं म्हणणं त्याला पटलं नाही. काचेच्या गोळ्यात पाणी भरून, त्याला पावसाचा थेंब समजून, त्यानं प्रकाश आत कसा वळतो आणि परततो ते पाहिलं आणि उस्तादाची चूक दुरुस्त केली. वारसा चालवणं म्हणतात ते याला.

आपण काय करतो? बोर्डाच्या फिजिक्समध्ये ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिकाचे. ते ३० ‘मिळतातच’, म्हणून लॅबला कुलूप. नीटमध्ये फिजिक्सचे ४५ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. म्हणून क्लासवाले सांगतात, सूत्र पाठ कर.

मीटर ब्रिजवर नल पॉइंट स्वतः शोधला, रोध अदलाबदल करून पुन्हा मोजला, की दोन्ही उत्तरं नेमकी जुळत नाहीत. मग चूक कुठे राहिली हे शोधावं लागतं. स्वतःच्या रीडिंगवर शंका घ्यायला शिकलेला मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवरचा दावाही तपासून घेतो. आज समाजाला त्याचीच गरज आहे.

‘आधी अ‍ॅडमिशन महत्त्वाची, लॅब नंतर बघू,’ असं घरचे म्हणतात. अ‍ॅडमिशन महत्त्वाची आहेच. पण पैसेवाल्याच्या मुलाला उपकरणं दुसरीकडेही हाताळता येतील. मोहल्ल्यातल्या मुलासाठी कॉलेजची लॅब हीच एकमेव लॅब आहे. ‘प्रॅक्टिकलला उशीर होतो’ म्हणून घरी बोलावून घेतलेल्या मुलीचं नुकसान तर दुप्पट. उशीर होत असेल तर वेळ बदलून मागा, तिचा विषय बदलू नका.

संस्था आपल्याच लोकांची असेल तर ट्रस्टींना विचारा: इमारतीवर मजला चढला, पण लॅबसाठी गॅल्व्हॅनोमीटर शेवटचे कधी घेतले? प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या: प्रात्यक्षिकाचे तास वेळापत्रकाप्रमाणे घ्या, प्रत्येकाला उपकरण हाताळू द्या. ‘माशाअल्लाह’ लिहिणाऱ्या प्रत्येकाची त्या अर्जाखाली सही घ्या.