कप्तान कोणाला करायचं?

आयपीएलच्या दिवसांत अकोला-अमरावतीच्या चहाटपरीवर संध्याकाळी एकच प्रश्न असायचा: कप्तान कोण? फँटसी संघात कप्तानाचे गुण दुप्पट, उपकप्तानाचे दीडपट. तिथं चुकलं की आठवडा गेला.

२७ मे २०२५ला लखनौत अमरावतीच्या जितेश शर्मानं सगळे हिशेब उलटवले. साखळीतला बेंगळुरूचा शेवटचा सामना, पहिल्या दोनांतली जागा पणाला, समोर २२८चं लक्ष्य. त्या दिवशी तो मैदानातलाही कप्तान होता. ३३ चेंडूंत नाबाद ८५, आठ चेंडू राखून विजय! आठवड्यानं चषकही आला, अठराव्या हंगामात पहिलाच.

ऑगस्ट २०२५च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यात पैशांची फँटसीही. बरंच झालं; पोरांच्या फीचे पैसे त्यात जायला नकोत. गुण मांडायची हौस मात्र जपा, आणि ती विदर्भाच्या सामन्यांकडे वळवा. ऑक्टोबर २०२५मध्ये इराणी करंडकात अकोल्याच्या अथर्व तायडेनं शेष भारताविरुद्ध १४३ धावा काढल्या, विदर्भ जिंकला. त्याला कप्तान करणारे आपल्यात किती होते? आमच्या वहीत आता पहिलं नाव त्याचंच आहे.