संदेश तिचा, तर फोनही तिच्या हातात हवा

गरोदर बाईसाठी सरकारची ‘किलकारी’ ही मोफत सेवा आहे. चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला फोन येतो. गोळ्या, तपासणी, लसीकरण यांची माहिती ऐकवली जाते. काही दवाखान्यांतून तपासणीच्या तारखेचा लेखी संदेशही येतो. पण आपल्या वस्त्यांत नोंदणीला नंबर दिला जातो तो बहुधा नवऱ्याचा. तो दिवसभर कामावर, आणि तिचा संदेश त्याच्या खिशात.

आम्हाला वाटते, हा प्रश्न फोनचा नाही, बाईच्या हक्काचा आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे मानले. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात तिला तिच्याच तब्येतीची माहिती मिळू नये?

तिच्याजवळ फोन असेल तर आशाताईंना सांगून तोच नंबर नोंदवा. घरात एकच फोन असेल तर नवऱ्याने आलेला संदेश संध्याकाळी तिला वाचून दाखवावा, सासूबाईंनीही ऐकावा. रविवारी विहारात वंदनेनंतर महिला मंडळाने प्रत्येक गरोदर भगिनीला एवढेच विचारावे, “संदेश तुझ्यापर्यंत पोचतो का?”

आणि अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर संदेशाची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन लावा.