मधला दुवा

गेल्या दिवाळीत आमच्या अरेरा कॉलोनीतील घरी एक गोड वाद झडला. १९५६ साली भोपाळ राजधानी झाली, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांतील अनेक मराठी कुटुंबे इकडे आली. त्यांत आमचे वडीलही होते. त्यांनी मागे ठेवलेली दौलत म्हणजे एक तंबोरा आणि कपाटभर तबकड्या. देवासला १९४८ पासून अखेरपर्यंत राहिलेल्या कुमार गंधर्वांच्या तबकड्यांना तीत मानाचे स्थान. आईची संध्याकाळ आजही त्यांवाचून सरत नाही.

सुट्टीवर आलेल्या चिरंजीवांनी एक लहानशी पेटी आणली. तिला वीज लागत नाही. आत केवळ आवाज कमी करण्याचे बटण आणि कोणते यंत्र ऐकायचे ते ठरविणारी कळ. हा ‘पॅसिव्ह’ प्रीअ‍ॅम्प. “बाबा, वाटेत जितके भाग कमी, तितका स्वर निर्मळ. तुमचा जुना ‘अ‍ॅक्टिव्ह’ आता माळ्यावर टाका,” असा त्यांचा आग्रह.

म्हणण्यात तथ्य होते. सी. डी. प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो. बहुतेक पॉवर अ‍ॅम्प्लिफायरना तेवढे पुरून उरते. मग एका हाताने आवाज वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने कमी करायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? अभ्यासिकेत प्लेअर, पेटी आणि अ‍ॅम्प्लिफायर शेजारी शेजारी मांडून अर्ध्या मीटरच्या तारेने जोडले. जुन्या यंत्राची बारीक सूं-सूं थांबली आणि गळा जवळ आल्यासारखा वाटला. मी हार मानली.

परंतु तबकडी लावताच पेटी मुकी झाली! सुईतून निघतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, म्हणजे सी. डी.च्या चारशेवा हिस्सा. शिवाय तबकडी कोरतानाच खर्जाचे स्वर दबवलेले आणि वरचे उचललेले असतात. ते पूर्ववत करून घ्यावे लागतात. हे काम बटणाचे नव्हे. चिरंजीवांनी मित्राकडून फोनोचे स्वतंत्र यंत्र मागून आणले.

आता तबकड्यांचे यंत्र आईच्या खोलीशी आणि अ‍ॅम्प्लिफायर दिवाणखान्यात. मध्ये आठ मीटरची तार ओढली. कुमारांची तबकडी सुरू झाली. आईने क्षणभर ऐकले आणि विचारले, “तंबोऱ्याची जवारी कुठे गेली रे?”

वडिलांच्या तंबोऱ्याची जवारी आयुष्यभर तिनेच राखली होती. तिचे कान खोटे कसे म्हणावे? पेटी उघडली. बटण होते १ लाख ओहमचे. अशा बटणाचा स्वतःचा अडथळा एका जागी २५ हजार ओहमपर्यंत चढतो. तारेच्या अंगी दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धारणशक्ती असते. आठ मीटरला ८००. या दोहोंच्या कात्रीत वरचे सूक्ष्म स्वर झिजतात, आणि जवारीचा प्राण नेमका त्यांतच असतो. बटण १० हजार ओहमचे असते, तर अडथळा फार तर अडीच हजार झाला असता. जुना अ‍ॅक्टिव्ह पुन्हा जोडला. त्याचा बाहेर पडण्याचा अडथळा काहीशे ओहमच असल्याने लांब तार त्याला जड जात नाही. तंबोरा पुन्हा झणकारला.

म्हणून, ही खरेदी करू इच्छिणाऱ्यांनी आधी घर पाहावे, मग दुकान. ऐकणे सी. डी.चे, तार हातभर आणि अ‍ॅम्प्लिफायर थोडक्यात भागणारा असेल, तर साधी पेटी उत्तम. मात्र बटण १० हजार ओहमच्या आसपासचे मागावे. तार लांब असेल किंवा मुळातला आवाजच क्षीण असेल, तर अ‍ॅक्टिव्हला पर्याय नाही. तबकड्यांना फोनोची सोय दोन्हीकडे लागतेच.

आमच्याकडे आता दोन्ही नांदतात. चिरंजीवांची पेटी अभ्यासिकेत आहे. दिवाणखान्यात मात्र जुने यंत्र किंचित सूं-सूं करीत उभे असते. आईला ती ऐकू येत नाही, जवारी येते.