कडू घास कुणाला द्यायचा?



या वेळी एका सिनेमाबद्दल. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे थिएटरात लागला.

मुंबईत नोकरी करणाऱ्या आनंदचे वडील जातात. सुतकाचे दहा दिवस काढायला तो आईसोबत गावी येतो. तिशी आली तरी लग्न नाही, म्हणून पाहुणेमंडळी सुतकातही सोयरिकीचाच विषय काढतात. आनंदला पुरुष आवडतात हे आईला ठाऊक आहे. गावात त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. तोही लग्नाच्या तगाद्यानं बेजार. पार्श्वसंगीत अजिबात नाही, त्यामुळे आपणही त्या घरात जाऊन बसल्यासारखं वाटतं.

आपल्या औरादकडेही हे दिवस असेच जातात. सुतक कुणी पाळायचं, पाणी कुणी द्यायचं, हे रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यानं आधीच ठरलेलं असतं. आनंद मुलगा आहे, त्यामुळे त्याला रडायला जागा आहे. पण उद्या तो गेला, तर बाळ्यानं कुठं बसायचं?

हाच प्रश्न रे यंग यांच्या ‘ऑल शॅल बी वेल’ या हाँगकाँगच्या चित्रपटात आहे. २०२४ मध्ये बर्लिनला त्याला टेडी पुरस्कार मिळाला. अँजी आणि पॅट या दोघी चाळीसेक वर्षं एकत्र राहिलेल्या. पॅट अचानक जाते. घर तिच्या नावावर, मृत्युपत्र केलेलं नाही. कालपर्यंत अँजीच्या हातचं जेवणारं पॅटच्या भावाचं कुटुंब मग घरापासून अस्थींपर्यंत सगळं ठरवू लागतं. माणसं दुष्ट नाहीत, पैशाच्या ओढाताणीतली आहेत. म्हणून तर जास्त लागतं.

आपल्याकडे २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं, की असे जोडीदार बँकेत संयुक्त खातं उघडू शकतात, एकमेकांना नॉमिनी करू शकतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्यासाठी मृत्युपत्रच हवं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी केलेलंही चालतं.

मी सॉफ्टवेअरवाला. अर्जात ‘नाते’ असा रकाना असतो, त्यात ठरलेले पर्याय: पती, पत्नी, मुलगा, मुलगी. ज्याचं नातं त्या यादीत नाही, त्याचा अर्ज पुढे सरकतच नाही. माणसांचं तसं नसतं. आपण मनात आणलं तर कुणालाही पुढं बोलावू शकतो.

कुणाच्या घरी भेटायला गेलात आणि एका कोपऱ्यात ‘ती मैत्रीण आहे तिची, बरोबर राहायच्या’ एवढीच ओळख असलेली बाई दिसली, तर जरा तिच्याजवळ बसा. आणि कडू घास नेला असेल, तर पहिलं ताट तिच्यापुढं ठेवा.