विश्लेषण : जावात फाइल ‘लिहिली’ म्हणजे खरेच लिहिली गेली का?

‘फाइल तयार करून त्यात मजकूर लिहिणारा प्रोग्राम लिहा’ हा जावाच्या प्रात्यक्षिकातला हुकमी प्रश्न. दहा-बारा ओळींचा कोड, एक छोटी फाइल आणि पडद्यावर ‘यशस्वी’ असा शेरा. गुण मिळतात, वही तपासून होते. पुढे याच पद्धतीचा कोड पतसंस्थेच्या दिवसअखेरच्या नोंदी, दवाखान्याची बिले, शाळेची हजेरी लिहू लागतो. तेव्हा त्या ‘यशस्वी’ शब्दावर लोकांचे पैसे आणि नावे अवलंबून असतात. फाइलमध्ये लिहिण्याची आज्ञा देणे सोपे आहे. ती पाळली गेली याची खात्री करणे हे खरे काम, आणि नेमके तेच शिकवायचे राहून जाते.

ऑब्जेक्ट तयार झाला, मग फाइल कुठे आहे?

जावा ही ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा. तिच्यात ‘न्यू फाइल’ असे लिहून कंसात नाव दिले की डिस्कवर फाइल तयार झाली, असा नवशिक्यांचा समज होतो. प्रत्यक्षात तयार होतो तो फक्त मेमरीतला एक ऑब्जेक्ट. त्यात फाइलचा पत्ता असतो, फाइल नसते. पत्ता लिहिलेली चिठ्ठी खिशात असली म्हणून त्या पत्त्यावर घर उभे असतेच असे नाही.

फाइल प्रत्यक्ष जन्माला येते ती ‘क्रिएटन्यूफाइल’ ही मेथड वापरल्यावर, किंवा ‘फाइलरायटर’ने ती लिहिण्यासाठी उघडल्यावर. यातली पहिली मेथड खरे किंवा खोटे असे उत्तर देते. त्या नावाची फाइल आधीच असेल, तर उत्तर ‘खोटे’ येते. हे उत्तर कोणी तपासतच नाही, इथून घोळाला सुरुवात होते.

जुन्या मजकुराचे काय होते?

‘फाइलरायटर’ला फक्त नाव दिले आणि त्या नावाची फाइल आधीपासून असेल, तर जुना मजकूर पुसला जातो. तोही नवे अक्षर लिहिताना नव्हे, फाइल उघडताक्षणीच. पुढच्याच ओळीला प्रोग्राम कोलमडला, तर जुने गेले आणि नवे आलेच नाही, अशी अवस्था होते.

जुन्याखाली नवे जोडायचे असेल, तर नावापुढे ‘ट्रू’ हा दुसरा शब्द द्यावा लागतो. एका शब्दाचा हा फरक परीक्षेत एखाद्या गुणाचा असेल. हजेरीच्या नोंदीत मात्र तो महिनाभराचा असतो.

मजकूर मध्येच कुठे अडकतो?

डिस्कवर एकेक अक्षर लिहीत बसणे वेळखाऊ. म्हणून ‘बफर्डरायटर’ अक्षरे आधी मेमरीत साठवतो. त्याची नेहमीची क्षमता ८,१९२ अक्षरांची. ग्रामीण भागातल्या वडाप जीपसारखेच हे आहे. सगळ्या जागा भरल्याशिवाय गाडी हलत नाही. ‘फ्लश’ म्हणजे आहेत तेवढ्या प्रवाशांना घेऊन निघणे. ‘क्लोज’ म्हणजे उरलेल्यांना पोहोचवून गाडी बंद करणे.

‘क्लोज’ लिहायचेच राहिले आणि प्रोग्राम संपला, तर बफरमधला मजकूर तिथेच विरतो. जावाची मेमरी साफ करणारी यंत्रणा तो आपणहून डिस्कवर पोहोचवत नाही. मजकूर थोडा असेल, तर फाइल दिसते पण उघडल्यावर रिकामी निघते. जास्त असेल, तर शेवटचा तुकडा गायब असतो. हे दुसरे अधिक धोक्याचे, कारण हजार नोंदींपैकी शेवटच्या पन्नास नसतील तर ते पटकन कोणाच्या लक्षातही येत नाही.

चूक होऊनही ‘यशस्वी’ कसे दिसते?

डिस्क भरलेली असू शकते, फोल्डरला परवानगी नसू शकते, पेनड्राइव्ह मध्येच काढलेला असू शकतो. अशा वेळी जावा ‘आयओएक्सेप्शन’ उभे करते आणि त्याची दखल घेतल्याशिवाय कोड कंपाइलच होऊ देत नाही. भाषेने घातलेला हा चांगला धाक आहे. त्यावर आपण शोधलेली पळवाट म्हणजे रिकामा ‘कॅच’. कंसात काहीच लिहायचे नाही, की चूक आली तशी गिळली जाते. आलेली तक्रार न वाचता कचऱ्याच्या टोपलीत टाकावी, तसाच हा प्रकार.

‘प्रिंटरायटर’ तर लिहिताना झालेली चूक स्वतःच गिळतो. ती झाली का, हे ‘चेकएरर’ने मुद्दाम विचारावे लागते. न विचारता ‘यशस्वी’ छापणारा प्रोग्राम खोटे बोलत असतो, आणि वापरणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो.

मराठी नावांची प्रश्नचिन्हे का होतात?

हा मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा. संगणक अक्षरे नव्हे, बाइट्स साठवतो. कोणत्या अक्षरासाठी कोणते बाइट्स, हे एन्कोडिंग ठरवते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट्स लागतात. ‘ज्ञानेश्वर’ या नावात हलन्त आणि मात्रा धरून १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट्स.

एन्कोडिंग सांगितले नाही, तर जावा बराच काळ यंत्राचे स्वतःचे एन्कोडिंग वापरत असे. इंग्रजी विंडोजवर ते बहुधा विंडोज-१२५२ असते, ज्यात देवनागरीला जागाच नाही. परिणामी ‘ज्ञानेश्वर’च्या जागी फाइलमध्ये ओळीने दहा प्रश्नचिन्हे उमटतात. लिनक्सच्या संगणकावर मात्र तोच प्रोग्राम सहसा बिनचूक चालतो.

इथे एक फरक ओळखायला हवा. फाइल नीट लिहिली असेल पण चुकीच्या एन्कोडिंगने उघडली असेल, तर अक्षरे विचित्र दिसतात. योग्य एन्कोडिंगने पुन्हा उघडली की परत येतात. लिहितानाच प्रश्नचिन्हे झाली असतील, तर मूळ नाव कायमचे गेले. त्या फाइलमधून ते कोणालाही परत मिळवता येणार नाही.

मार्च २०२२मध्ये आलेल्या जावा १८पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग ठरवण्यात आले. पण जावा ८, ११ आणि १७ या आवृत्त्या अजून अनेक ठिकाणी चालू आहेत. तिथे एन्कोडिंग स्वतः सांगण्याला पर्याय नाही. इंग्रजी मजकुरावर ही चूक कधी दिसतच नाही. म्हणून ‘हॅलो’ लिहून तपासलेला प्रोग्राम मराठी माणसासाठी तपासलेला नसतो.

योग्य पद्धत अवघड आहे का?

‘सुरुवातीलाच एवढे सांगितले तर मुले गोंधळतील,’ असा युक्तिवाद केला जातो. एके काळी त्यात तथ्य होते. ‘क्लोज’ची हमी देण्यासाठी ‘फायनली’चा लांबलचक भाग लिहावा लागे. २०११मध्ये आलेल्या जावा ७ने ‘ट्राय’च्या कंसातच फाइल उघडण्याची सोय दिली. काम सुरळीत होवो वा मध्येच चूक होवो, फाइल आपोआप बंद होते. २०१८च्या जावा ११मध्ये ‘फाइल्स.राइटस्ट्रिंग’ आले. एका ओळीत फाइल तयार होते, लिहिली जाते, बंद होते आणि एन्कोडिंगही यूटीएफ-८ असते. जुनी फाइल पुसली जाऊ नये असे वाटत असेल, तर ‘क्रिएट_न्यू’ हा पर्याय द्यावा. मग त्या नावाची फाइल आधीच असल्यास प्रोग्राम काहीही न पुसता चूक दाखवतो.

महत्त्वाच्या नोंदींसाठी आणखी एक जुनी, खात्रीची रीत आहे. मजकूर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहायचा आणि सगळे नीट झाले की नाव बदलून ती मूळ फाइलच्या जागी ठेवायची. लिहिताना काही बिघडले, तरी जुनी प्रत शाबूत राहते.

म्हणजे आज योग्य पद्धत चुकीच्या पद्धतीपेक्षा आखूड आहे. तरीही वर्षानुवर्षे पुढे सरकणाऱ्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांमध्ये जुनाच कोड उतरवला जात असेल, तर अडचण भाषेची नाही, आपल्या सवयीची आहे.

शिकवण्यात काय बदलावे?

अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही. तोंडी परीक्षेत चार प्रश्न वाढवले तरी पुरे. हा प्रोग्राम दुसऱ्यांदा चालवला तर पहिल्या नोंदींचे काय होईल? लिहिता लिहिता डिस्क भरली तर वापरणाऱ्याला काय दिसेल? मध्येच वीज गेली तर मागे काय उरेल? आणि ‘हॅलो’ऐवजी स्वतःचे नाव देवनागरीत लिहून दुसऱ्या संगणकावर उघडले तर ते तसेच दिसेल का?

या चारांची उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्याला फाइल लिहिता येते असे म्हणावे. बाकीच्यांना तूर्त फक्त ‘यशस्वी’ हा शब्द छापता येतो.