शैलीचा शिक्का नको

मूल पाहून शिकते, ऐकून शिकते की हाताने करून, ही त्याची शिकण्याची शैली आधी ठरवा. तसे शिकवा, म्हणजे त्याची भावनिक बुद्धिमत्ताही वाढेल, असा दावा शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांतून होत असतो. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या १९९२च्या वर्गवारीचा त्याला मोठा आधार. पण २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे संशोधन तपासले, तेव्हा शैली जुळवून शिकवल्याने मुले अधिक चांगली शिकतात याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. जिथे अभ्यासालाच त्याचा फायदा सिद्ध होत नाही, तिथे भावनांच्या वाढीचा भार त्यावर कसा टाकायचा?

जालना जिल्ह्यात हा प्रश्न कागदावरचा नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागांतून आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. त्यांच्याबरोबर गेलेले पोर शिक्षण हमी पत्रक घेऊन कारखान्याच्या गावी जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते; मागे राहिलेले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात दिवस काढते. परतलेल्या मुलाला सोबतचे पुढे गेल्याची लाज वाटते, कोणी हसले की ते चिडते, नाहीतर गप्प बसते. शैली ओळखणाऱ्या प्रश्नावलीत यातले काहीच येत नाही. उलट ‘हा करून शिकणारा’ असा शिक्का बसला, की त्याच्या हाती काम येते आणि पुस्तक सुटते. ऊसतोड कामगाराच्या मुलाबाबत समाजाने आधीच जे ठरवून ठेवले आहे, तेच मग शास्त्राच्या नावाने त्याच्या माथी बसते. हे घातक आहे.

शैलीचे प्रयोग करणाऱ्या वर्गांत मुले खुललेली दिसतात, हे खरे. तिथे चित्र असते, खेळ असतो, गप्पा असतात आणि बाई एकेका मुलाकडे निरखून पाहतात. श्रेय त्या पाहण्याचे आहे.

भावनिक समज थेट शिकवता येते. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा २१३ उपक्रमांचा, २ लाख ७० हजारांवर मुलांचा आढावा घेतला. मुलांचे वागणे सुधारलेच, अभ्यासही सुधारला. शेजारच्या बीडमध्ये २००९ पासून ‘मूल्यवर्धन’ या मूल्यशिक्षणाच्या उपक्रमाने जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांत जोडीने, गटाने बोलत शिकण्याची वाट दाखवलीच आहे.

जालन्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने आणि केंद्रप्रमुखांनी हा विषय शिक्षण परिषदेत घ्यावा. चित्र, गोष्ट, कृती, वाचन सगळे सगळ्यांना द्यावे. हंगाम संपवून आलेल्या मुलांशी बोलण्यासाठी पहिले दोन आठवडे वेळापत्रकात राखून ठेवावेत, आणि कोणत्याही मुलाच्या प्रगतिपुस्तकात शैलीचा रकाना उघडू नये.